मेपलला हळद लागली

लाकडाचा ओटा घरात आणू नये आणि आणलाच तर त्याच्या रंगात नाक खुपसू नये, एवढं शहाणपण मला जन्मतःच मिळायला हवं होतं. सांगलीच्या आमच्या घरात ओटा कडप्प्याचा होता. तो काळा होता. त्याचा रंग कोणता असावा यावर घरात कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. त्यावर ताक सांडलं, तेल सांडलं, आईने रागाच्या भरात कुकर आपटला. कडप्प्याने हूं की चूं केलं नाही. अशा ओट्याशेजारी वाढलेला माणूस न्यू जर्सीत घर घेतो आणि पाहता पाहता 'अंडरटोन' हा शब्द चारचौघांत उच्चारू लागतो, हा अधःपात कसा झाला त्याची ही हकिगत.

अमेरिकेत घराबरोबर आणखी एक गोष्ट गळ्यात पडते. आपण हरहुन्नरी आहोत, हा समज. आपल्याकडे माणूस सुताराला बोलावतो, त्याला चहा देतो आणि मागे हात बांधून "इथे जरा तिरकं वाटतंय" असं म्हणतो. आमच्या घराण्याचा लाकडाशी एवढाच संबंध. इथे सुताराने तासाचा दर सांगितला की तो चहा आपल्यालाच प्यावा लागतो. त्यात ऑफिसातला जो तो सोमवारी सकाळी आपण सुट्टीत काय ठोकलं, काय कापलं, काय रंगवलं याचा पाढा वाचतो. "मी झोपलो होतो" असं सांगून सांगून मी कंटाळलो होतो.

तेव्हा स्वयंपाकघरातला जुना लॅमिनेटचा ओटा काढायचं ठरलं. आधीच्या मालकाने त्यावर तापलेलं काहीतरी ठेवून कायमचा शिक्का उमटवला होता. हिला ग्रॅनाइट हवा होता. मी बुचर ब्लॉक आणला. लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली, दीड इंच जाडीची, आठ फुटी फळी. पूर्वी खाटकांच्या दुकानात तंतू उभे ठेवून जोडलेले जाडजूड ठोकळे असत, त्यांच्यावरून हे नाव पडलं. हा तपशील मी आईला अजून सांगितलेला नाही.

लाकूड हार्ड मेपलचं होतं. ज्याच्या चाळीस गॅलन रसातून आटवून जेमतेम एक गॅलन सिरप निघतं, तेच हे झाड. बोलिंगच्या पट्ट्या आणि बास्केटबॉलची कोर्टं याच लाकडाची करतात. मी वाचत गेलो. १९०६ साली गॅब्रिएल यांका नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने लाकडाचा कठीणपणा मोजायची रीत काढली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतायला किती जोर लागतो ते पाहायचं. हार्ड मेपलला १४५० पौंड लागतात, अक्रोडाला १०१०. हे सगळं मी जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ही म्हणाली, "मला त्यावर कोथिंबीर चिरायची आहे."

इथे थांबायला हरकत नव्हती. पण मेपल गोरापान असतो आणि आमच्या ओळखीतल्या एका घरी अक्रोडाचा गडद ओटा होता. अक्रोड परवडत नव्हता. मग मेपललाच रंग देऊन अक्रोड करू, असा विचार मी केला. टीव्हीवर गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती पाहण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याने पदरचे पैसे मोजून गोऱ्या लाकडाला सावळं करायला निघावं, यात काहीतरी काव्यात्म न्याय असावा.

दुकानात स्टेनच्या डब्यांची आख्खी भिंत होती. अर्ली अमेरिकन, प्रोव्हिन्शियल, गोल्डन ओक, स्पेशल वॉलनट, जेकोबियन. जेकोबियन म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या काळातला. तो गादीवर होता १६०३ ते १६२५. त्याच सुमारास आमच्याकडे मलिक अंबर मोगलांच्या नाकी नऊ आणत होता, पण त्याच्या नावाचा डबा काही दिसला नाही. मी प्रत्येकाचा लहान डबा घेतला. घरी कौटुंबिक बैठक झाली. हिला स्पेशल वॉलनट बरा वाटला, मला प्रोव्हिन्शियलमध्ये 'जास्त खोली' दिसली. मुलीने सगळे नमुने एकदा पाहिले आणि म्हणाली, "बाबा, हे सगळे ब्राउनच आहेत." त्या संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत शास्त्रशुद्ध विधान तेच होतं. आम्ही ते पोरकट ठरवून बाजूला सारलं.

नमुने मी तळघरात पडलेल्या ओकच्या तुकड्यांवर काढले होते. घराच्या जमिनीला लावून उरलेल्या त्या पट्ट्या. ओकवर स्पेशल वॉलनट इतका देखणा उठला की मी फोटो काढून सांगलीला पाठवले. आता मेपलच्या ओट्याचा रंग ओकवर का पाहायचा, हा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला असता, पण मेपलचा तुकडा घरात नव्हता. नव्हता असं मी समजत होतो. सिंकसाठी ओट्यात भोक पाडलं तेव्हा निघालेला चांगला हातभर चौकोन वॉशिंग मशीनच्या एका पायाखाली होता. मशीन डुगडुगायचं थांबलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

स्टेनमध्ये रंगाची बारीक पूड असते, ती धरून ठेवणारं तेल किंवा राळ असते आणि हे सगळं पातळ करणारं द्रव असतं. पूड जाऊन बसते लाकडाच्या छिद्रांत. ओकची छिद्रं डोळ्यांना दिसतील एवढी मोठी, म्हणून रेषा न् रेषा खुलते. मेपलची छिद्रं बारीक आणि घट्ट. पुडीला बसायला जागा नाही. जिथे तंतू वळलेले असतात तिथे रंग आत शिरतो, बाकीच्या ठिकाणी वरच्या वर पुसला जातो. मेपल, बर्च, चेरी आणि पाइन ही लाकडं या बाबतीत बदनाम आहेत. हे ज्ञान मी नंतर मिळवलं.

आधी घासकाम होतं. यंत्राला १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५०, मग २२०. तिथे थांबतात. मी ३२० लावला. हात फिरवला की गुळगुळीत लागत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी केलेली एखादी गोष्ट गुळगुळीत झाली होती. पण पेपर जितका बारीक, तितकं लाकूड रंग कमी पितं. आधीच तोंड मिटून बसलेल्या मेपलचे ओठ मी स्वतःच्या हाताने शिवले. भुकटी घरभर पसरली. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या डोक्यावर मेपलचा पांढुरका थर बसला, लोण्याच्या गोळ्यावरही बसला. ही काही बोलली नाही. तिने बाळकृष्णाला परत आंघोळ घातली आणि मला गॅरेजमध्ये घालवलं. दोन मित्रांनी ओटा उचलून तिथे आणून दिला आणि ते घाईघाईने निघून गेले.

नोव्हेंबर होता. गॅरेज गार. डब्यावर लिहिलं होतं की स्टेन फासावा आणि पाच ते पंधरा मिनिटांत जादाचा पुसून घ्यावा. मी आठ फूट लांबीवर एका दमात फासला. रंग भरदार दिसत होता. फडकं हातात घेतलं आणि फोन वाजला. बाबांचा.

"फोटो पाहिले," बाबा म्हणाले. "आधी चपडा मारलास का?"

"कसला चपडा?"

"अरे, चपडा लाख. स्पिरिटमध्ये विरघळवायची. आपल्या दिवाणाला पॉलिशवाल्याने काय केलं होतं? पहिला हात पातळ चपड्याचा. मग पिवडी, मग वरचे हात. लाकूड आधी थोडं भरून घ्यायचं असतं, नाहीतर ते रंग अधाशासारखं पितं."

मग त्या पॉलिशवाल्याचं कुळ निघालं. तो मिरजेचा की कुपवाडचा यावर बाबांचं आणि पलीकडे बसलेल्या आईचं दुमत झालं. त्याच्या मुलीचं लग्न, त्या लग्नातला मठ्ठा, मठ्ठ्यानंतर बाबांचा बसलेला घसा. मी दोनदा "बाबा, जरा स्टेन..." असं म्हणालो. "तेच सांगतोय," बाबा म्हणाले. वडिलांचा फोन मध्येच ठेवायची पद्धत आमच्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर बाबा अगदी बरोबर सांगत होते. इथे मिळणारं 'प्री-स्टेन कंडिशनर' हेच काम करतं, आणि पातळ लाखेचा हात मारून मग रंग लावायची रीत इथले जाणते सुतारही वापरतात. नेमका सल्ला नेमक्या माणसाकडून मिळत होता. फक्त तो ऐकण्यात सल्ला वापरायची वेळ निघून जात होती.

फोन संपला तेव्हा स्टेन चिकट झाला होता. फडकं ओट्याला धरून बसलं. जोर लावून पुसलं तिथे पांढरं पडलं, नाही पुसलं तिथे काळं राहिलं. मधल्या भागात, गरोदरपणात गालांवर वांग उठतात तसे डाग उमटले. डावीकडे प्रोव्हिन्शियल, उजवीकडे जेकोबियन आणि मध्ये मलिक अंबर. ही दार उघडून आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "ग्रॅनाइटवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे."

त्या रात्री रंगाची फडकी चुरगळून मी गॅरेजमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली. शेजारी राहणारा निवृत्त अग्निशमन जवान कचऱ्याचा डबा आत ओढत होता, त्याला ते दिसलं. तो माणूस एरवी हवामानापलीकडे बोलत नाही. त्या दिवशी तो अंगणातून तीरासारखा आला, चिमट्याने फडकी बाहेर काढली आणि एकेक करून माझ्या कुंपणावर पसरली. मग त्याने फिलाडेल्फियाची गोष्ट सांगितली. २३ फेब्रुवारी १९९१. वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत. बाविसाव्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगचं काम चालू होतं आणि कामगारांनी जवसाच्या तेलात भिजलेली फडकी तशीच टाकली होती. ती आपोआप पेटली. त्या आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. वाळताना हे तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. फडकं पसरलेलं असलं तर उष्णता निघून जाते, चुरगळलेलं असलं तर आतल्या आत साठते. जवस! आमच्याकडे ज्याची चटणी करतात तो! मी कुंपणाकडे पाहत उभा राहिलो. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि रंगाच्या छटेबद्दल मी एक अक्षरही काढलं नाही.

पुढचे कित्येक शनिवार-रविवार स्टेन घासून काढण्यात गेले. ऑफिसात सोमवारी सांगायला माझ्याकडे भरपूर होतं, पण सांगवत नव्हतं. स्वयंपाक पत्त्यांच्या घडीच्या टेबलावर चालू होता. पोळपाट ठेवला की टेबल बसायचं आणि पोळी लंबगोल व्हायची. ओटा पुन्हा गोरा झाला, थोडा पातळही झाला. आता त्याला नुसतं तेल द्यायचं, एवढ्यावर तह झाला.

कुठलं तेल, हा पुढचा वाद. बॉब फ्लेक्सनर या लेखकाचं 'अंडरस्टँडिंग वुड फिनिशिंग' हे १९९४ सालचं पुस्तक या विषयातलं प्रमाण मानतात. त्याचं म्हणणं असं की वॉर्निश काय, तेल काय, पूर्ण वाळलं की अन्नाला बाधत नाही. पूर्ण वाळायला महिनाभर द्यावा, असं साधारण सांगतात. "महिना?" ही म्हणाली. मग जवस आणि टंग ही वाळणारी तेलं बाद झाली. शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही, खवट होतं. उरलं मिनरल ऑइल. ते वाळतही नाही, खवटही होत नाही, पोटात गेलं तरी चालतं. चालतं म्हणजे काय, इथे ते त्याच कामासाठी विकतात. लाकडाच्या सामानात त्याच तेलाची बाटली महाग होती. औषधाच्या दुकानात ती स्वस्त होती, रेचकांच्या फळीवर.

होत्या तेवढ्या बाटल्या मी टोपलीत भरल्या. रांगेत माझ्या मागे महाराष्ट्र मंडळातले एक काका उभे होते. त्यांनी टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"किती दिवस झाले?"

मला वाटलं, ओट्याचं कामकाज हिने काकूंना सांगितलेलं दिसतंय. "दोन महिने होत आले, काका."

"दोन महिने!"

"काय सांगू. घासून घासून दमलो. आता भरपूर तेल लावायचं म्हणतोय."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लावायचं नसतं रे ते. प्यायचं असतं."

माझा खुलासा त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि "हो हो, लाकूडच" असं म्हणाले. संक्रांतीच्या कार्यक्रमापर्यंत ही वार्ता मंडळभर झाली होती. एका वहिनींनी इसबगोल सुचवला. एका आजोबांनी एरंडेलाचा महिमा सांगितला. तिळगूळ घ्यायला हात पुढे केला तर एकीने लाडू मागे घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आज नकोच." मी गोड बोललो.

तेल मात्र ओट्याने मनसोक्त प्यालं. मेपल मधाळ झाला, रेषा उठून दिसू लागल्या. मी रोज रात्री दिवे मंद करून त्याच्याकडे पाहायचो. मग एका रविवारी पोहे झाले. सांगलीहून आईने पाठवलेल्या हळदीचा डबा ओट्यावर कलंडला आणि त्यावर फोडणीचं तेल सांडलं. ही हळद साधीसुधी नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पूर्वी हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली ती वर्षानुवर्षं रंग टिकवून राहायची. माझ्या मेपलपुढे तिचं काय अडणार?

आणि इथे तो चमत्कार झाला, ज्यासाठी मी इतके डबे पालथे घातले होते. हळद एकसारखी पसरली. डाग नाहीत, ठिपके नाहीत, वांग नाहीत. पुडीच्या रंगाला छिद्र लागतं, पण हळदीतलं कर्क्युमिन तेलात विरघळून थेट तंतूंत शिरतं. ना कंडिशनर, ना ३२० नंबरचा पेपर, ना मिनिटांचा हिशोब. वर्षानुवर्षं आमच्या नॅपकिनांवर, डब्यांच्या झाकणांवर आणि माझ्या लग्नातल्या धोतरावर जे तंत्र सिद्ध झालं होतं, ते मी दुकानात शोधत होतो.

पण मी हात आवरेन तर शपथ. डाग काढायला खाण्याच्या सोड्याची पेस्ट फासली. पिवळा डाग लालभडक झाला. हळदीला चुना किंवा टाकणखार लावून कुंकू करतात, हे जिला लहानपणापासून माहीत आहे ती माझ्या मागेच उभी होती. "आता आरतीचं ताट आण," ती म्हणाली.

तो ओटा आजही घरात आहे. खिडकीखालच्या भागातली हळद उन्हाने आपोआप उडाली, कारण हळदीला प्रकाश सोसत नाही. मिक्सरच्या मागच्या कोपऱ्यात ऊन पोहोचत नाही, तिथे सांगली अजून शाबूत आहे. महिन्यातून एकदा तेल लावतो आणि बाटल्या हिला आणायला लावतो.

तुम्हीही लाकडाचा ओटा करणार असाल तर माझं ऐका. ज्यावर भाजी चिरणार त्याला रंग देऊ नका. सुरी तो खरवडून काढते आणि तो भाजीत येतो. द्यायचाच असेल तर सिंकच्या जागी कापलेला तुकडा जपून ठेवा आणि आधी त्याच्यावर करून पाहा. वॉशिंग मशीनखाली वीट घाला. पहिला हात पातळ चपड्याचा. फडकी बाहेर पसरून वाळवा, याला मात्र पर्याय नाही. आणि स्टेन ओला असताना वडिलांचा फोन आला तर आधी पुसून घ्या, मग उचला. ते पुन्हा करतील.